आंबट रक्त

अल्काला आपल्या पोरीचं लग्न जमवायचं होतं आणि त्यासाठी पोरगी निरोगी दिसणं भाग होतं. निरोगी असणं ही पुढची गोष्ट, ती लग्नानंतर पाहता आली असती. असं कुणी तोंडानं बोलून दाखवत नाही, अल्कानंही कधी दाखवलं नाही. पण दिवाळीच्या आधीपासून तिची सगळी धावपळ याच एका विचारावर चालली होती.

आचल दहा वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. लहान पोरांना होतो तो, गोळीनं न भागणारा. नागपूरच्या डॉक्टरनं अल्काला समोर बसवून सांगितलं, हिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, ते रोज सुईनं द्यावं लागेल, जन्मभर द्यावं लागेल, एक दिवसही चुकवायचं नाही. अल्का सातवी शिकलेली. पण तिनं टमाट्यावर सुया टोचून टोचून हात बसवला आणि पोरीच्या पोटाला, मांडीला, दंडाला इतकी वर्षं अशा सुया दिल्या की पोरगी झोपेतून जागीसुद्धा व्हायची नाही. चांगली आई होती ती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, पुढे कुणाला ते खरं वाटायचं नाही.

पोरगी विशीची झाली आणि त्याच सुया अल्काला जड झाल्या. देवरीकडचं एक स्थळ बोलणी होऊन मोडलं, कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं म्हणून. साकोलीकडचं दुसरं तर घरात चहा पिऊन मोडलं. मुलाची आत्या दारात चपला घालता घालता म्हणाली, "आमच्या पोराले बायको पायजे बाई, पेशंट नाई." अल्कानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि आत येऊन आचलला काही कारण नसताना फैलावर घेतलं.

आचल अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. "आधीच सांगून टाक ना आई त्याहीले. करून घ्याची तं घेतीन, नाई तं नाई. मी सुई घेऊन नोकरी करतो."

"नोकरी करतो म्हने! आन लोकं मले काय म्हनतीन?"

लोकांपुढे भल्याभल्यांना उत्तर सुचत नाही, ती तर पोरगी.

तिसरं स्थळ गोंदियाचं होतं. मुलगा लोकेश, एका राइस मिलमध्ये सुपरवायझर, घरात फक्त आई रुख्मिणीबाई. फोटो पाहूनच त्यांचा निरोप आला. अल्कानं या वेळी डोकं चालवलं. अर्जुनीत पोरगी दाखवली तर पाहुणे स्टँडवर उतरल्या उतरल्याच कुणीतरी त्यांना सगळा इतिहास ऐकवणार. तेव्हा पोरगी दाखवायची केशोरीला, मोठ्या बहिणीच्या, धुरपताच्या घरी, मंडईच्या दिवशी. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडारीचा नाच-खेळ होतो, रात्री नाटक होतं, घरं पाहुण्यांनी भरून जातात आणि त्याच गर्दीत चार लग्नं जमतात. मुलगी इथे का दाखवता, असं मंडईत कुणी विचारत नाही. नवरा ताराचंद धान कापणीत अडकला होता. तो म्हणाला, "तुले पटते तसं कर." तो नेहमीच असं म्हणायचा, म्हणून तर त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

राहता राहिली सुई. पाहुणे मंडईला आले म्हणजे मुक्कामाला राहणार, सकाळ-संध्याकाळ घरात फिरणार. सुई लपवायची तरी कुठे? आणि नेमका इथेच बहिणीचा नवरा कामाला आला.

इंद्रकुमारचं केशोरीला कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारे विकायचा आणि वर लोकांची माती तपासून द्यायचा. मातीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची, रंग पाहायचा, धानाची बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, आंबट निघाली तर चुना टाकायला सांगायचा. त्यात तो खरंच हुशार होता, त्याचं ऐकून पुष्कळांचं धान सुधारलं. मग एका वर्षी त्याचं स्वतःचं पोट जळजळायला लागलं, ते लवकीच्या, म्हणजे दुधीच्या रसानं थांबलं, आणि तिथून त्याचं डोकं फिरलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, रायपूरला एका शिबिरात जाऊन शाल आणि सर्टिफिकेट घेऊन आला. आता दुकान पोरगा पाहत होता आणि इंद्रकुमार छपरीत बसून माणसं तपासत होता. त्याच पट्ट्या, फक्त मातीच्या जागी लघवी. सकाळी सकाळी लोक बारक्या शिशा घेऊन रांगेत बसत. पट्टी पिवळी झाली की तो मान हलवून म्हणे, "आंबट. सारं रक्त आंबट झालं तुहं."

गुडघेदुखी असो, दमा असो, मूल होत नसो, मूळ एकच, आंबट रक्त. उपायही एकच. भात बंद. ज्या मुलखात जेवलास का म्हणजे भात खाल्लास का, त्या मुलखात भात बंद! डाळ बंद, चहा बंद. लवकीचा रस, कोहळ्याचा रस, लिंबूपाणी आणि सकाळी अनशापोटी खाण्याचा सोडा. आणि डॉक्टरची सगळी औषधं बंद, कारण त्याच्या मते ती सगळी आम्लच होती.

मंडईला पंधरा-वीस दिवस असताना अल्का पोरीला घेऊन केशोरीला येऊन राहिली. आचल यायला तयार नव्हती. पण भात सोडायला तिची हरकत नव्हती, मावशीवर जीव होता, आणि लोकेशचा फोटो तिनेही दोन-तीनदा पाहिला होता, हेही खरं. आल्या आल्या तिचं आणि मावसाजीचं छपरीत सगळ्यांदेखत वाजलं.

"मावसाजी, रक्ताचं आम्ल-क्षार जेवनानं बदलत नाई," आचल म्हणाली. "शरीर थे एका जागी धरून ठेवते. जास्तीचं काई झालं तं किडनी बाहेर फेकते, म्हनून लघवीचा रंग बदलते. तुमी मोरी पाहून घरात काय शिजलं सांगून राहिले."

रांगेतले दोघं-तिघं हसले. इंद्रकुमारही हसला. त्याला राग येत नसे, हाच त्याचा मोठा गुण होता आणि त्यामुळेच लोक त्याला देवमाणूस म्हणत.

"बेटा, बांधी आंबट झाली तं धान येते का?"

"नाई येत."

"मंग आपन का टाकतो?"

"चुना. पन शेत वेगळं, आंग वेगळं."

"वेगळं कसं? शेतातलंच खाऊन तं आंग बनलं ना तुहं?" आणि त्यानं रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शेतकरी माणसाला याहून पटणारी गोष्ट कोणती सांगणार? आचल पुढे बोलत होती, रक्तातलं आम्ल जरासं जरी हललं तरी माणूस मरतो वगैरे. पण तोवर अल्कानं तिचा दंड धरून तिला आत ओढलं होतं.

"मोठ्या मानसाले उलटून बोलते? अशी जिभाली पोरगी कोन करून घेईन?"

इंद्रकुमारनं भात बंद केला आणि सुई अर्ध्यावर आणली. आता साधी गोष्ट, भात-पोळी पोटात गेलीच नाही तर साखर चढणार कुठून? अर्ध्या सुईतही साखर मोजायच्या मशीनवर आकडे चांगले यायला लागले. आचल म्हणाली, हे सुईनंच केलं. पण नाव लवकीच्या रसाला मिळालं. शिवाय पोरगी बारीक झाली, नाक-डोळे उठून दिसायला लागले, सोड्यानं पट्टी रोज निळी येऊ लागली. अल्कानं देवापुढे नारळ फोडला आणि दुसरा नारळ इंद्रकुमारच्या पायाशी ठेवला.

मंडई दोन दिवसांवर आली तेव्हा तो म्हणाला, "आता सुई पूरी बंद. इकडून मी आम्ल काढतो आन तिकडून तुमी भरता, असं कसं जमन? आन त्या शिशा घरात ठेवू नोको. दिसल्या का मन जाते."

आचल न्हाणीत असताना अल्कानं फ्रिजमधल्या शिशा, सुया आणि साखर मोजायची मशीन, सगळं एका रुमालात बांधून भाऊजीच्या झोल्यात टाकलं. आचल बाहेर आली, फ्रिज उघडला आणि पहिल्यांदाच आईवर ओरडली. पाया पडली. मग बापाला फोन लावला. ताराचंद शेतात होता, मागे कापणीची मशीन चालली होती, त्याला अर्धं ऐकू आलं. तो म्हणाला, "मावसाजी सांगते तसं कर बेटा, थे जानकार हायेत." त्यानंतर अल्कानं तिचा मोबाइलच काढून घेतला.

मंडईच्या दिवशी सकाळी आचलला दोनदा उलटी झाली. रात्रभर ती तांब्यामागून तांबे पाणी पीत होती आणि बाहेर जात होती. जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. इंद्रकुमारनं पट्टी बुडवली तर ती, इतका सोडा पोटात असूनही, हळदीसारखी पिवळी झाली. त्याचा चेहरा खुलला.

"पाहाय! दहा वर्साचं जहर बाहेर निंगून राहिलं."

आचल भिंतीला टेकून बसली होती. बोलताना तिला मधे मधे श्वास घ्यावा लागत होता. "आता पट्टी खरं सांगून राहिली, मावसाजी. आता माझं रक्त खरंच आंबट होऊन राहिलं. सुई बंद केली का होते असं. सोड्यानं नाई जात थे. याच्यानं मानूस मरते."

रक्त आंबट झालं आहे, यावर त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. अल्कानं हा श्वास आधी एकदा ऐकला होता, आचल दहा वर्षांची असताना, नागपूरला नेताना गाडीत. विसरली असती तर गोष्ट वेगळी होती. ती विसरली नव्हती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "एक बारकी सुई देऊन देऊ का?"

"देऊन दे ना," इंद्रकुमार नेहमीसारखा शांतपणे म्हणाला. "मले काय? पाहुने आले का त्याहीच्या समोर बी देजो. मंग कायले लपवायचं?"

अल्काची नजर झोल्याकडे गेली. तो तिथेच खुंटीला होता, तिच्या हाताच्या अंतरावर. धाकट्या बहिणीची ही नजर धुरपतानं पाहिली, पण नवऱ्यासमोर बोलायची तिची टाप नव्हती, ती पीठ मळायला निघून गेली. अल्का पोरीजवळ बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "आजचा एक दिवस काढ माय. पाहुने गेले का मीच देतो. आजचा एक दिवस."

"आई, मले आजच पायजे."

"नाटकं करू नोको," अल्का म्हणाली आणि साडी काढायला उठली.

पाहुणे दुपारी लोकेशच्या गाडीनं आले. लोकेश, रुख्मिणीबाई, बस्स. धुरपतानं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते. गावात मंडई भरली होती, पाळण्यांची घंटी, फुगेवाले, लाउडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारणं. आचलला मोतिया रंगाची साडी नेसवली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या, त्यावर अल्कानं लिपस्टिक लावली. चहाचा ट्रे धुरपतानं एका बाजूनं धरला आणि आचलनं दुसऱ्या बाजूनं, पाहुण्यांना ते मावशीचं कौतुक वाटलं.

रुख्मिणीबाई पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला मोकळी बाई. तिनं आचलला जवळ बसवून घेतलं. "किती बारीक हायेस माय. आन हे का, तोंडाले तुया पिकल्या फळाचा वास येऊन राहिला!"

"आमच्याकडे रसाहारच चालते," इंद्रकुमार म्हणाला. "आंग सुद्ध झालं का असंच सुगंधी होते."

"दम काऊन लागून राहिला हिले?"

"लाजते जी," अल्का म्हणाली. "कधी कोनासमोर आली नाई ना."

लोकेशचं मात्र लक्ष होतं. पोरगा साधा होता. त्यानं थेट आचललाच विचारलं, "तुमची तब्येत बरी नाई का?" आचलनं आईकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. "मले," ती म्हणाली, "दहा वर्सापासून..."

अल्कानं कोपरानं धुरपताला ढोसलं. धुरपतानं पेढ्यांचा डबा पुढे केला आणि रुख्मिणीबाईला वाटलं, आता हीच वेळ. तिनं एक पेढा उचलून त्या उघड्या तोंडात घातला. "आमाले पसंत हाये पोरगी!" ती म्हणाली, आणि सगळे हसले. आचलच्या तोंडात ओलावा नव्हता, पेढा गिळेना. तिला उबळ आली, ती तोंडावर पदर धरून आत पळाली. लाजली, असं रुख्मिणीबाईच म्हणाली. अल्काला काही बोलावंच लागलं नाही, आणि त्या क्षणी तिला जो आनंद झाला तसा तिला स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

इंद्रकुमारचा मंडईच्या स्टेजवर सत्कार होता. तो लोकेशला घेऊन तिकडे गेला, जाताना खुंटीचा झोला काखेत मारून. बायका घरात राहिल्या. आचल आतल्या खाटेवर पडली होती, तिचा श्वास बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता, मोठा, खोल, एकसारखा. अल्कानं टीव्ही लावला. मग लाउडस्पीकरवर इंद्रकुमारचा आवाज आला आणि टीव्हीचं काही ऐकू येईना.

"...भाऊ आन बहिनीहो, ह्या शिशा पाहा! एका पोरीले दहा वर्स ह्या सुया टोचल्या डॉक्टरनं! माझ्याकडे आली. आज दोन दिवस झाले, एक सुई नाई! आन पोरगी याच मंडईत हसून-खेळून राहिली!"

टाळ्या झाल्या.

"कोनाची पोरगी जी?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"असन कोनाची तरी. नवेगावकडची हाये म्हनतेत."

"बिचारी," रुख्मिणीबाई म्हणाली. "आमच्या मालकाले बी सुई होती. बारा वर्स मीच देत होतो, सकाळ-संध्याकाळ. पहिले हात कापे. मंग का, भाजी फोडनी देल्यासारखं. सुईनं का होते माय? मानूस चांगला पायजे. पन बंद नाई करा लागत थे. एकडाव मालकानं बंद केली होती बाबाच्या नादानं, तं मरता मरता वाचले."

धुरपताचा वडे उचलणारा हात थांबला. तिनं बहिणीकडे पाहिलं. आता तरी बोल, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. दार सताड उघडं होतं आणि ते दुसऱ्या कुणी नाही, मुलाच्या आईनं उघडलं होतं. अल्काला नुसतं म्हणायचं होतं, बाई, ती पोरगी हीच.

पण अल्का शहाणी झाली होती ना! दोन स्थळांनी तिला शहाणं केलं होतं. दुसऱ्याच्या पोरीबद्दल सगळेच असं गोड बोलतात, तिला वाटलं. नवऱ्याची सुई वेगळी, सुनेची वेगळी. शिवाय आत्ताच खोटं बोलून झालं होतं. ती म्हणाली, "खरं हाये जी. आनखी घ्या ना एक वडा."

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. आचल पाण्यासाठी उठली होती आणि तांब्यासकट खाली कोसळली होती. तिघींनी तिला उचलून खाटेवर ठेवलं. डोळे अर्धे उघडे, हातपाय गार, आणि तो श्वास. धुरपता धावत बाहेर गेली आणि मंडईतून दुधरामला घेऊन आली. दुधराम गोंदियाला कुठे तरी कंपाउंडर होता, आता केशोरीत डॉक्टर होता. मनानं वाईट नव्हता. नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली, म्हणाला, "कमजोरी हाये. उलट्या झाल्या का? पानी कमी झालं आंगातलं. ग्लुकोजची बाटली लावा लागन."

"डॉक्टर," रुख्मिणीबाई म्हणाली, "शुगर तं नाई ना हिले? आमच्या मालकाले असाच दम लागे. आन तोंडाले असाच वास."

दुधराम थबकला. "शुगर हाये का जी हिले?" त्यानं अल्काला विचारलं. "मशीन घरी राहिली माझी. असन तं आधी सांगा, मंग हे बाटली नाई लावता येत. सीधं अर्जुनीले न्या लागन गाडी करून."

खोलीत चौघं जागी माणसं होती आणि त्यांपैकी दोघींना उत्तर ठाऊक होतं. धुरपतानं मान खाली घातली. ती तशीच खाली ठेवून तिनं फरशीवरचं पाणी पुसायला घेतलं. नागपूरच्या डॉक्टरनं दहा वर्षांपूर्वी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तीही अल्काला तोंडपाठ होती. ही बेशुद्ध पडली, उलट्या झाल्या, तर कुणालाही आधी आजार सांगायचा, साखरेची बाटली लावू द्यायची नाही.

"नाई," अल्का म्हणाली.

"पक्कं?"

"काईच नाई हिले. कालपासून उपास होता, म्हनून झालं." रुख्मिणीबाई अजून तिच्याकडेच पाहत होती, म्हणून अल्कानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिचीच शपथ."

आईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितल्यावर कुणी पुढे काय विचारणार? रुख्मिणीबाईचा चेहरा निवळला. दुधरामनं खिडकीच्या गजाला बाटली बांधली, शीर शोधली, सुई टोचली. अल्काला वाटलं होतं पोरीला कळत नसेल. पण थेंब पडायला लागले तशी आचलनं मान वळवली. तिनं बाटलीकडे पाहिलं. बाटलीवरचं नाव तिला वाचता येत होतं. ती बी.एस्सी.ला होती. तिचा दुसरा हात हळूहळू उठला आणि नळीकडे जायला लागला. ओठ हलले. आवाज आला नाही.

"हात धरा जी तिचा, सुई निंगन," दुधराम म्हणाला.

अल्कानं हात धरला. हात आधी ओढत होता, त्यात ताकद कितीशी असणार, तरी ओढत होता. अल्कानं तो दोन्ही हातांनी खाटेच्या पाटीवर दाबला. आचल आईकडे पाहत राहिली. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी सुई टोचायच्या आधी पाहायची तसंच पाहत होती, दुखेल का म्हणून विचारत असल्यासारखं.

"पाच मिनिटात ताकद येते," अल्का तिला म्हणाली. "पडून राहा."

दुधराम बाहेर जाऊन लोकेशच्या गाडीवर टेकून तंबाखू मळत बसला. रुख्मिणीबाई खाटेच्या पायथ्याशी बसून आचलचे गार तळवे चोळायला लागली. अल्काचा घोर तिला बघवेना, म्हणून ती बोलत राहिली. गोंदियाचं घर कसं आहे, वरची खोली पोरानं कशी रंगवून घेतली, पोरीला पुढे शिकायचं असेल तर शिकू दे, आमच्याजवळच कॉलेज आहे. तिकडे लाउडस्पीकरवर इंद्रकुमारला शाल आणि श्रीफळ दिल्याचं सांगितलं आणि दंडार सुरू झाली. बाटली अर्धी झाली, मग आणखी खाली गेली. धुरपता फरशी पुसतच होती, फरशी केव्हाच कोरडी झाली होती.

अल्काच्या हातातला हात ओढायचा थांबला होता. तरी तिनं तो सोडला नाही. श्वास दोनदा अडखळला, मग एकदा लांब आला. त्यानंतर अल्का पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिली. पोरीचा श्वास ऐकत जागायची तिला दहा वर्षांची सवय होती, त्या बाबतीत तिची चूक होणं शक्य नव्हतं.

"पाहा, दम कमी झाला," रुख्मिणीबाई तळवे चोळता चोळता म्हणाली. तिचं लक्ष खिडकीकडे होतं. "झोप लागली पोरीले. मी का म्हनतो, लांबवायचं कायले? धान घरात आलं का माघात उरकून टाकू. चालते ना तुमाले?"

अल्कानं पोरीचे डोळे मिटले, पदर सारखा केला आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

"चालते जी," ती म्हणाली.